सतरा वर्षांचा विंगर, पोर्तुगालची ट्रायल आणि साडेसहा लाख: कागद नेमके कोणते बघायचे?

बोरीकाठचा (अमळनेर)

राम राम मंडळी. बहिणीचा मुलगा, वय सतरा वर्षं चार महिने. फुटबॉल खेळतो. डावखुरा, विंगर (मैदानाच्या कडेने चढाई करणारा). दहावी पास, अकरावीत आहे. शाळेकडून सुब्रतो चषक विभागापर्यंत खेळला, गेल्या मोसमापासून नाशिकच्या एका क्लबकडे नोंद आहे. एक मध्यस्थ म्हणतो की पोर्तुगालच्या खालच्या श्रेणीतल्या क्लबमध्ये तीन महिने ट्रायल मिळेल, करार 'जवळपास पक्का', साडेसहा लाख लागतील, निम्मे आगाऊ. व्हिसा टुरिस्टचा, पुढचं तिकडे गेल्यावर बघू. भाऊजी कपाशीच्या पैशावर आणि थोड्या सोन्यावर रक्कम उभी करायच्या तयारीत आहेत.

अठराच्या आत हे होतं का? माणूस खरा की खोटा ते कसं तपासायचं? करार आलाच तर त्यात काय बघायचं? आणि जायचं नसेल तर पुढची दोन वर्षं पोराने काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

लोको_कॉलनी (भुसावळ)

आधी वयाचं, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडतं.

फिफाच्या खेळाडू नोंदणी आणि बदलीच्या नियमांत कलम १९ आहे. एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंद बदलायची तर खेळाडू १८ पूर्ण हवा. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, तर. युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ ते १८ वयाची बदली, पण ती तिथल्याच मुलांसाठी. सरहद्दीपासून ५० किलोमीटरच्या आत घर असेल, तर. निर्वासित मुलं. शाळेच्या एक्स्चेंज कार्यक्रमातला विद्यार्थी, तोही एका वर्षापुरता आणि निव्वळ हौशी क्लबसाठी. अमळनेरचा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. 'आईला तिकडे नोकरी दाखवू' असं कोणी सुचवलं तर तिथेच उठून या. ही पळवाट फिफाला जुनी आहे.

नियम कागदावरच राहतो असंही समजू नका. अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदीवरून २०१४ मध्ये बार्सिलोनावर, २०१६ मध्ये रियल माद्रिद आणि अ‍ॅटलेटिकोवर आणि २०१९ मध्ये चेल्सीवर खेळाडू घेण्याची बंदी आली. एवढ्या मोठ्या क्लबांची ही गत, तर चौथ्या श्रेणीतला क्लब तुमच्या भाच्यासाठी का धोका पत्करेल?

म्हणजे आणखी आठ महिने त्याची तिकडे अधिकृत नोंद होणार नाही. नोंद नाही तर अधिकृत सामना नाही, आणि सामना नाही तर कोणी बघणार नाही. मग साडेसहा लाखांत मिळतं काय? मैदान, जर्सी, फोटो आणि परतीचं तिकीट. काही ठिकाणी तेही नाही.

सातपुडा_मेल (नंदुरबार)

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेनचा (पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) अल्पमुदतीचा व्हिसा म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. त्यावर पगार घेऊन खेळता येत नाही. करार मिळाला तर नोकरीसाठीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज साधारणपणे राहत्या देशातून, म्हणजे इथूनच करायचा असतो. 'तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' या बोलण्यात पोर अडकतं ते असं: ९० दिवस संपतात, क्लब हात वर करतो, मुक्काम बेकायदेशीर होतो आणि पुढच्या खऱ्या व्हिसाच्या वेळी तीच नोंद आडवी येते.

खऱ्या ट्रायलचं निमंत्रण क्लबच्या लेटरहेडवर असतं. त्यात तारखा, कोणत्या संघाबरोबर सराव, राहण्याचा पत्ता, दुखापत झाली तर विमा कोणाचा, आणि खर्च कोण करणार हे लिहिलेलं असतं. आणि ज्या क्लबला खेळाडू खरोखर हवा असतो तो त्याच्याकडून फी घेत नाही. आमच्याकडचं म्हणणं सरळ आहे: पहिले कागद दखाड, मंग पैसास्नं बोल.

पांझराकाठ (धुळे)

आता कागदपत्रं. दादा, हे आजपासून सुरू करा. मुलगा जावो न जावो, यातलं काही वाया जात नाही.

महासंघाची नोंद आधी. भारतातल्या खेळाडूची नोंद एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या संगणकीय यंत्रणेत होते, क्लबमार्फत आणि राज्य संघटनेमार्फत. आपल्याकडे राज्य संघटना म्हणजे विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), मुंबईत कूपरेजला. नोंद झाली की खेळाडूला एक आयडी मिळतो आणि तो जन्मभर एकच असायला हवा. गडबड इथेच होते. एका स्पर्धेला एका क्लबने नोंद केली, पुढच्या वर्षी दुसऱ्याने स्पेलिंग बदलून नवीन केली, आणि एकाच मुलाचे दोन आयडी झाले. परदेशी संघटनेने चौकशी केली की इथे दोन माणसं दिसतात. नाशिकच्या क्लबकडून आयडी, नोंदीचा प्रकार (हौशी की व्यावसायिक) आणि मुदत लेखी घ्या. त्यांनी दोन-तीन वर्षांचं काही सही करून घेतलं असेल तर त्याची प्रत आधी हातात हवी. चालू करार असेल तर त्यांच्या संमतीशिवाय बदली वादात जाते.

मग आयटीसी, आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र. हा कागद खिशात घालून न्यायचा नसतो. नवा क्लब आपल्या देशाच्या संघटनेकडे मागणी करतो, ती संघटना फिफाच्या टीएमएस यंत्रणेतून एआयएफएफकडे मागते, एआयएफएफ जुन्या क्लबला विचारून तिथेच उत्तर देतं. प्रमाणपत्र मोफत आणि विनाअट द्यायचं असतं, असं नियमच सांगतो. तेव्हा 'आयटीसीचे पन्नास हजार' मागणारा तुम्हाला उल्लू बनवतोय. दुसरं म्हणजे प्रत्येक देशाच्या नोंदणीच्या खिडक्या वर्षातून दोनच, आणि मागणी त्या काळातच टाकावी लागते. खिडकी बंद झाल्यावर सही केलेला मुलगा पुढच्या खिडकीपर्यंत नुसता सराव करतो, आणि पगाराचा वाद तिथून सुरू होतो.

जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि तारीख अक्षरश: सारखी हवी. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर मुलाचं नावच नसतं, किंवा घरातलं लाडाचं नाव असतं. दुरुस्तीला महिने जातात. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी केलेली नोंद असेल तर वयाबद्दल संशय घेतला जातो. १७ वर्षांखालच्या विश्वचषकात फिफा मनगटाचं एमआरआय करते, ते वयचोरी सरसकट होती म्हणूनच. दाखला दुरुस्त झाला की राज्य शासनाची साक्षांकनाची सही आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का.

पासपोर्ट १८ च्या आत काढला तर साधारणपणे पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल ते. १५ ते १८ वयोगटाला दहा वर्षांचा मागता येतो, तोच मागा. पुढे नूतनीकरणाला दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. ते नसेल तर पासपोर्टवर ईसीआर शिक्का येतो आणि मलेशिया, थायलंड, ओमान, कतार अशा देशांत नोकरीला जाताना वेगळी परवानगी लागते. हेच देश भारतीय खेळाडूला युरोपपेक्षा जवळचे आहेत, म्हणून सांगते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, नोंदीचा इतिहास. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून परदेशी क्लबकडे गेला की वयाच्या १२ ते २१ वर्षांत त्याला घडवलेल्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मिळते. या भरपाईसाठी युरोपातल्या क्लबांच्या चार श्रेणी आहेत (लीगच्या श्रेणी वेगळ्या) आणि दर वर्षाला ९०, ६०, ३० आणि १० हजार युरो असे धरलेत. १२ ते १५ ही वर्षं सर्वांत खालच्या दराने मोजतात. म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या क्लबने त्याला घेतलं आणि १२ ते १५ ची चार वर्षं एकाच गावच्या क्लबकडे नोंदलेली असतील, तर ४० हजार युरो होतात. शाळेकडून खेळलेली वर्षं यात धरत नाहीत, शाळा महासंघाशी संलग्न क्लब नसेल तर. खानदेशातले क्लब दहा-बारा वर्षांच्या मुलांची नोंद करत नाहीत आणि पुढचा हक्क गमावतात.

याची दुसरी बाजूही बघा. छोट्या परदेशी क्लबला हा आकडा झेपत नाही, म्हणून ते मुलाला घेण्याआधी जुन्या क्लबकडून हक्क सोडल्याचं पत्र मागतात. मुलाच्या हिताचं असेल तर ते देणं चूक नाही. पण ते क्लबने द्यायचं असतं. मध्यस्थाने मुलाच्या नावावर ते विकायचं नसतं.

पुढे पैशाची बदली झाली तर रकमेतला ५ टक्के भाग घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. पाच लाख युरोच्या बदलीत बाराव्या वर्षाच्या क्लबला १,२५० युरो. हे वाटप आता फिफाच्या क्लिअरिंग हाउसमधून होतं, आणि ते नोंदवहीत जे आहे तेवढंच बघतं.

बोरीकाठचा (अमळनेर)

ताई, फार उपयोगी. नाशिकच्या क्लबला फोन केला, आयडी एकच आहे, नोंद हौशी. मध्यस्थ म्हणतो त्याच्याकडे 'फिफाचं लायसन्स' आहे आणि आईवडिलांनी पाच वर्षांचा प्रतिनिधित्वाचा करार सही करावा. हे बरोबर का?

गिरणाथडी (चाळीसगाव)

पाच वर्षं म्हटलं तिथेच तो उघडा पडला. फिफाच्या एजंट नियमांत खेळाडूशी प्रतिनिधित्वाचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा, आणि आपोआप वाढणारं कलम चालत नाही. हे नियम २०२३ पासून आहेत. एजंटला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. नाव टाका, क्रमांक जुळवा. कंपनीच्या नावाने परवाना मिळत नाही, माणसाच्याच नावाने मिळतो. कंपनीचं चकचकीत कार्ड बघून भुलू नका. आणि अल्पवयीन खेळाडूशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती आधी लागते, शिवाय तो पहिला व्यावसायिक करार करू शकेल त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटने जवळही फिरकायचं नसतं.

एजंटची फी करारातून मिळणाऱ्या पगारावर, पगार मिळत जाईल तशी. वार्षिक २ लाख डॉलरपर्यंतच्या मानधनावर ५ टक्के अशी मर्यादा नियमांत होती. कोर्टकचेऱ्यांमुळे फिफाने ती २०२३ च्या अखेरीस स्थगित केली, पण घासाघीस करताना तोच आकडा धरावा. करारच नाही तर फी कसली?

क्लबशी करार झालाच तर हे बघा. मुदत किमान चालू मोसमाच्या शेवटापर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि १८ च्या आत सही असेल तर तीन. 'वैद्यकीय तपासणी पास झाल्यास' किंवा 'वर्क परमिट मिळाल्यास करार लागू' अशी अट फिफाच्या नियमात बसत नाही. या दोन्ही गोष्टी क्लबने सहीआधी उरकायच्या असतात. तरी छोटे क्लब ती ओळ हटकून घालतात, कारण मुलगा नको झाला की बाहेर पडायची वाट तीच.

पगाराचा आकडा हातात येणारा आहे की कर कापण्याआधीचा? वर्षाचा असेल तर किती हप्ते? बऱ्याच ठिकाणी दहाच महिने देतात आणि उन्हाळ्याचे दोन महिने कोरडे. घरभाडं क्लबचं की खेळाडूचं, परतीची तिकिटं किती, दुखापतीत पगार चालू राहणार का, शस्त्रक्रिया कोणत्या विम्यातून. 'मुदतवाढीचा हक्क फक्त क्लबला' असं कलम खाली बारीक अक्षरात असतं. ते काढायला लावा, निदान वाढीव वर्षाचा वाढीव पगार तरी लिहून घ्या. करार स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत असतो. फरक पडला तर कोणती प्रत धरायची तेही त्यात लिहिलेलं असतं, आणि ती बहुतेक तुम्हाला न कळणारी असते. सहीआधी स्वतंत्र भाषांतर करून घ्या, क्लबचं नको.

पगार थकला तर: दोन महिन्यांचे पगार बुडाले की खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर त्याला योग्य कारणाने करार तोडता येतो, उरलेल्या मुदतीची भरपाई मागता येते. दावा फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे, दोन वर्षांच्या आत, खेळाडूला शुल्क नाही. चूक नेमकी कुठे होते? मुलं नोटीस न देताच वैतागून विमानात बसतात, आणि करार मोडल्याचा ठपका त्यांच्यावरच येतो. नोटीस ईमेलने, बँकेचं विवरण जोडून द्यावी. रोख पगार घेतला तर पुरावाच राहत नाही, तेव्हा तो घेऊच नका. भारतात एफपीएआय ही खेळाडूंची संघटना आहे, फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेची सदस्य. तिथे विचारता येतं.

तापीपार (यावल)

बाहेर गेलेल्या भारतीयांची वाट बघितली तर एक गोष्ट ठळक दिसते, ती कोणी मध्यस्थ सांगणार नाही. जवळपास सगळे आधी इथे नाव करून गेलेत. १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिककडून पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळलेले मोहम्मद सलीम आधी कोलकात्याच्या मोहम्मेडन क्लबचे. भाईचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतल्या बरीकडे गेला तेव्हा भारताचा पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर होता. गुरप्रीतसिंग संधू ईस्ट बंगालहून २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्ताबेककडे गेला, २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला, पण तीन वर्षांत लीगचे सामने मोजकेच मिळाले. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिककडे गेला, सरावात दुखापत झाली आणि एकही अधिकृत सामना न खेळता परतला. तो त्या वेळी भारताचा पहिल्या पसंतीचा बचावपटू होता, हे ध्यानात ठेवा.

सुनील छेत्रीचं उदाहरण तर कागदांचंच. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी बोलणी पक्की होती, पण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही म्हणून वर्क परमिट नाकारलं. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी आणि २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा ब संघ असे दोन छोटे मुक्काम झाले. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, इंग्लंडमध्ये गुणांची पद्धत आहे. साधारण १५ गुण लागतात आणि राष्ट्रीय संघ पहिल्या पन्नासात नसेल तर आंतरराष्ट्रीय सामन्यांचे गुण जवळपास मिळतच नाहीत. अपवादाचे काही कोटे आहेत, पण आपल्या पोराने त्या आशेवर राहू नये.

बाकी देशांचं गणित वेगळं. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत युरोपबाहेरच्या खेळाडूंना जागा मोजक्याच, तिथे ब्राझील आणि अर्जेंटिनाशी शर्यत. नेदरलँड्सच्या पहिल्या श्रेणीत वीस वर्षांवरच्या बाहेरच्या खेळाडूला लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट द्यावे लागतात. अनोळखी भारतीयावर कोण एवढे लावेल? जर्मनीत बुंडेसलिगामध्ये युरोपबाहेरच्यांवर संख्येची बंदी नाही, पण खेळाडू म्हणून राहण्याच्या परवान्याला किमान पगाराची अट आहे. हौशी श्रेणीतला क्लब ती पुरी करू शकत नाही. पोर्तुगालमध्ये नियम त्या मानाने सैल, म्हणून दलालांचा बाजारही तिथेच जास्त.

मुलींसाठी दार थोडं जास्त उघडं आहे, आणि यावर कोणी बोलत नाही. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे दीड वर्षाच्या करारावर गेली. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, नंतर ग्रीसच्या पाओककडे. शेजारच्या धारची ज्योती चौहान क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडे गेली. धार म्हणजे सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की आलंच. नंदुरबारच्या आश्रमशाळांत ज्या मुली धावतात त्यांच्या घरी हे पोचायला हवं.

लोको_कॉलनी (भुसावळ)

दोन वर्षांत काय करायचं, त्यावर. युवा लीग खेळणाऱ्या क्लबकडे जाणं, मोसमाला २०-२५ स्पर्धात्मक सामने मिळवणं, आणि पूर्ण सामन्यांचं चित्रण ठेवणं. क्लबांना गाणं लावलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ नको असतो. चेंडू पायात नसताना मुलगा कुठे उभा राहतो हे त्यांना बघायचं असतं, म्हणून ९० मिनिटांचे दोन-तीन सामने, उंचावरून, एकाच कोनातून.

शरीराचं बोलायचं तर यो-यो चाचणी, पातळी १. वीस मीटर जा-ये, मध्ये दहा सेकंद विश्रांती. वरच्या दर्जाचे खेळाडू २,२०० मीटरच्या पुढे जातात. १,६०० वर थांबणाऱ्या विंगरला बाहेर कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. आपली काळ्या मातीची मैदानं एप्रिलमध्ये भेगाळतात आणि पावसाळ्यात चिकटतात. दोन्ही वेळा पोरं आखूड पावलं टाकत धावायला शिकतात आणि पूर्ण वेगात लांब टांग टाकायची सवयच लागत नाही. युरोपात खालच्या श्रेणीत कृत्रिम गवत भरपूर. त्यावर नेहमीच्या गवताचे लांब खिळ्यांचे बूट घातले की पाय अडकतो आणि गुडघा पिळतो. कृत्रिम गवतासाठी आखूड आणि जास्त खिळ्यांचे बूट वेगळे येतात, ते घ्या. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक व्यायाम आठवड्यातून दोनदा: गुडघ्यावर बसून, घोटे कोणीतरी धरून, शरीर हळूहळू पुढे सोडायचं. पहिल्या आठवड्यात पाच-पाचच्या दोन फेऱ्या पुरे, जास्त केल्या तर चार दिवस जिना चढता येत नाही.

जेवण: प्रथिनं दर किलो वजनामागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या पोराला १०४ ते १३० ग्रॅम. शाकाहारी घरात हे आपोआप होत नाही. कळण्याची भाकरी, डाळ, दही, पनीर, सोयाबीन मोजूनच घालावं लागतं. सामन्याआधी तीन तास भात किंवा पोळी आणि साधं वरण, तासभर आधी केळी. केळी जळगावची असली म्हणून चार खायची नाहीत, दोन पुरे. शेवभाजी आणि भरीत सामन्यानंतर.

आणि जिममधल्या कोणाच्याही डब्यातली पावडर नको. उत्तेजक चाचणीत 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच. वैद्याचं चूर्णही त्यात आलं. दम्याचा पंप असेल तर डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधाला २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि कोणत्याही आठ तासांत ६०० ची.

गिरणाथडी (चाळीसगाव)

बोरीकाठचे, उद्या एक काम करा. मध्यस्थाकडून क्लबचं पूर्ण नाव घ्या. क्लबचा ईमेल त्याच्याकडून घेऊ नका, पोर्तुगीज महासंघाच्या संकेतस्थळावरून तो क्लब शोधून पत्ता काढा आणि सरळ त्यांना लिहा: अमुक जन्मतारखेच्या भारतीय खेळाडूला तुम्ही ट्रायलला बोलावलं आहे का, बोलावलं असेल तर तुमच्याकडून सही कोणाची आहे, आमच्याकडून काही रक्कम अपेक्षित आहे का, आणि अमुक नावाचा माणूस तुमच्या वतीने बोलतो का. मुलगा अल्पवयीन आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा. उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम थांबवा, सोनं तर अजिबात मोडू नका. मध्यस्थ 'क्लबला परस्पर लिहिलं तर संधी जाईल' असं म्हणाला, तर त्याचं ते वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि इथे टाका.